शेवाळाच्या तेलापासून बायोडिझेल: बॅच नेमकी कुठे बिघडते आणि ती कशी सांभाळायची

बायोडिझेलची बॅच फसली की बहुतेक जण शेवटच्या चंबूला दोष देतात. तापमान कमी पडले असेल, मेथॅनॉल जुने असेल, ढवळणे कमी झाले असेल. खरे तर तेलाची मेथॅनॉल आणि अल्कलीबरोबरची अभिक्रिया हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत सोपा भाग. घात त्याच्या कितीतरी आधी झालेला असतो: चुकीची जात, द्रावणात उरलेला नत्र, रात्रभर टेबलावर राहिलेला ओला लगदा, तेलाची न मोजलेली आम्लता. वापरलेल्या खाद्यतेलाची कृती शेवाळाच्या तेलाला जशीच्या तशी लावली की चंबूत साबण तयार होतो. माझी पहिली बॅच अशीच गेली. महिनाभर वाढवलेल्या शेवाळाचा वीस मिनिटांत गडद हिरवा, हलता न हलणारा साबण झाला. तेलही गेले, तूपही गेले.

खालचे टप्पे प्रयोगशाळेतल्या छोट्या बॅचसाठी आहेत, म्हणजे साधारण १०० ग्रॅम तेलापर्यंत. क्रम बदलू नका आणि तपासणीत नापास झालेला माल पुढच्या टप्प्यात ढकलू नका.

## आधी हिशेब आणि तयारी

१००० लिटर संवर्धन आहे आणि घनता लिटरला ०.८ ग्रॅम कोरडे वजन आहे, असे धरा. म्हणजे ८०० ग्रॅम शेवाळ. गोळा करताना १० टक्के जाते, उरते ७२० ग्रॅम. त्यात २५ टक्के लिपिड (तेलकट पदार्थ), म्हणजे १८० ग्रॅम. त्यातले ८५ टक्के निघाले तर १५३ ग्रॅम. या कच्च्या तेलातला हरितद्रव्य, स्टेरॉल, गोंदासारखे फॉस्फोलिपिड असा भाग वजा केला की कामाचे तेल ११५ ग्रॅमच्या आसपास उरते. धुताना, गाळताना आणखी गळती होतेच. हजार लिटर पाण्यातून शेवटी हाती येते ते पेलाभर इंधन. हा आकडा आधी मनाशी पक्का करा, म्हणजे २० लिटरच्या टाकीतून बाटलीभर डिझेलची अपेक्षा राहणार नाही.

भांडी काचेची किंवा स्टेनलेस स्टीलची, साठवणीला एचडीपीई (जाड प्लास्टिक). ॲल्युमिनियम अजिबात नको, कारण अल्कलीशी त्याची अभिक्रिया होऊन हायड्रोजन निघतो. तांबे-पितळही नको, त्यांच्यामुळे तयार इंधन लवकर खराब होते. १०० ग्रॅमच्या बॅचला ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा लागतो. स्वयंपाकघरातला काटा इथे उपयोगाचा नाही.

सावधान: मेथॅनॉल विषारी आहे, त्वचेतूनही शरीरात जाते आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. तेल काढायला लागणाऱ्या हेक्झेन या विद्रावकाची वाफ हवेपेक्षा जड असते, ती टेबलावरून खाली सरकत दूरच्या ठिणगीपर्यंत पोचते. त्यामुळे फ्यूम हूड (वाफा बाहेर खेचणारे कपाट), चष्मा आणि हातमोजे हवेतच, आणि खोलीत उघडी ज्योत किंवा उघड्या कॉइलची शेगडी नको.

## टप्पा १: जात निवडणे

तळ्यावर तरंगणारे धाग्याधाग्यांचे शेवाळ आणून तेल काढायचा प्रयत्न बरेच जण करतात. त्यात तेल फारच थोडे असते. स्पिरुलिनाही नको, ती प्रथिनांसाठी उत्तम, पण बायोडिझेलला लागणारे ट्रायग्लिसराइड, म्हणजे खरे तेल, तिच्यात जवळजवळ नसते. बोट्रिओकोकस ब्राउनी या जातीची तेलासाठी फार ख्याती आहे. मात्र तिचे तेल मुख्यतः हायड्रोकार्बन असते. मेथॅनॉलशी त्याची अभिक्रिया होत नाही, त्याला शुद्धीकरणाची वेगळीच वाट लागते.

सुरुवातीला गोड्या पाण्यात क्लोरेला किंवा सेनेडेस्मस घ्या, खाऱ्या पाण्यात नॅनोक्लोरोप्सिस. नॅनोक्लोरोप्सिसची एक अडचण आहे. तिच्यात ईपीए हे पाच दुहेरी बंध असलेले मेदाम्ल भरपूर असते, आणि युरोपीय मानक ईएन १४२१४ नुसार चार किंवा अधिक दुहेरी बंधांची एस्टर (मेदाम्ल आणि मेथॅनॉल जोडून बनणारी संयुगे, म्हणजेच बायोडिझेल) १ टक्क्यापलीकडे चालत नाहीत. प्रात्यक्षिकाला ती चांगली, पण मानकात बसणारे इंधन हवे असेल तर क्लोरेला बरी.

## टप्पा २: वाढवणे आणि मग उपाशी ठेवणे

पोटभर नत्र मिळते तोवर शेवाळ वाढते, विभागते, प्रथिने बनवते. नत्र संपले आणि प्रकाश मिळत राहिला की विभागणी थांबते आणि कार्बन तेलाच्या थेंबांत साठू लागतो. म्हणून काम दोन भागांत: आधी संख्या वाढवा, मग उपासमार करा. पहिल्या दिवसापासून नत्र तोडले तर टक्केवारी छान दिसते, पण शेवाळच मूठभर असते.

इथली सर्वांत मोठी चूक म्हणजे बीजी-११ या शेवाळ वाढवायच्या द्रावणाची कृती डोळे झाकून वापरणे. तिच्यात लिटरला १.५ ग्रॅम सोडियम नायट्रेट असते, म्हणजे साधारण ०.२५ ग्रॅम नत्र. शेवाळाच्या कोरड्या वजनात नत्र ७ ते ८ टक्के धरले तर एवढ्या नत्रावर लिटरला ३ ग्रॅमहून जास्त शेवाळ पोसते. तुमच्या टाकीची मजल जेमतेम १ ग्रॅमची. मग नत्र संपणार कधी? कधीच नाही. टाकी हिरवीगार दिसते, आपण खूश होतो, आणि तेल निघत नाही. उपाय सोपा आहे: नायट्रेट पाव प्रमाणात, म्हणजे लिटरला ०.३७ ग्रॅमच्या आसपास घाला. फॉस्फेट, लोह आणि सूक्ष्म घटक मात्र पूर्ण ठेवा. ०.८ ग्रॅम घनतेच्या सुमारास नत्र आपोआप संपेल.

तापमान २० ते ३० अंश सेल्सिअस, पीएच ७ ते ९. १ किलो शेवाळ तयार व्हायला सुमारे १.८ किलो कार्बन डायऑक्साइड लागतो. नुसती हवा सोडली तर वाढ होते, पण रखडत. हवेत १ ते २ टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळता आला तर फरक काही दिवसांतच दिसतो.

वाढ मोजताना ७५० नॅनोमीटरवर मोजा. ६८० वर हरितद्रव्य शोषते, आणि उपासमारीत हरितद्रव्य घटत जाते. शेवाळ तेवढेच असूनही आकडा खाली येतो आणि संवर्धन मेले असे वाटते.

तपासणी: नायट्रेटच्या पट्टीवर शून्य आल्यावर ५ ते १० दिवस थांबा. रंग गर्द हिरव्याकडून पिवळसर हिरव्याकडे जायला हवा. नाइल रेड रंगद्रव्य आणि फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शक हाताशी असेल तर पेशीत सोनेरी पिवळे थेंब दिसतात. ते दिसेपर्यंत गोळा करायची घाई नको.

## टप्पा ३: पाण्यातून वेगळे काढणे

सूक्ष्म शेवाळाच्या पेशी काही मायक्रोमीटरच्या असतात. कापडातून गाळायला गेलात तर पाण्याबरोबर शेवाळही निघून जाते. सेंट्रिफ्यूज असेल तर तोच वापरा. नसेल तर पीएच १०.५ ते ११ पर्यंत चढवून पेशींचे पुंजके बांधा, साका खाली बसू द्या आणि वरचे पाणी सायफनने काढा. तुरटीनेही पुंजके बनतात, पण ॲल्युमिनियम शेवाळात राहते आणि पुढे तेलात त्रास देते.

पीएच चढवून गोळा केले असेल तर साका लगेच सौम्य आम्लाने ७ च्या जवळ आणा आणि स्वच्छ पाण्याने धुवा. अल्कलीत भिजलेला लगदा तसाच तापवला तर साबण इथेच बनायला लागतो. समुद्री जातीवर मीठ चिकटून राहते आणि कोरडे वजन फुगवून दाखवते. गोड्या पाण्याने धुतले तर पेशी फुटतात, म्हणून ०.५ मोलर अमोनियम बायकार्बोनेटने धुवा. सुकताना ते उडून जाते.

सावधान: ओला लगदा खोलीच्या तापमानाला रात्रभर ठेवू नका. पेशींतली लायपेज विकरे तेल तोडून मुक्त मेदाम्ले तयार करतात, आणि ती अल्कलीशी मिळून साबण करतात. लगेच सुकवता येत नसेल तर उणे २० अंशांवर गोठवा. पुढे टप्पा ७ मध्ये आम्लता अवाच्या सवा आली तर बहुतेक वेळा तिचे मूळ या एका रात्रीत असते.

## टप्पा ४: सुकवणे

सेंट्रिफ्यूजमधून निघालेल्या लगद्यातही ७५ ते ८५ टक्के पाणी असते. ट्रेमध्ये पातळ थर पसरा, फार तर ३ मिलिमीटर, आणि ६० अंशांवर सुकवा. जाड थर वरून कडक होतो, आत ओला राहतो आणि आंबतो. १०० अंशांवर झटपट उरकू नका, बहुअसंतृप्त मेदाम्ले हवेत खराब होतात. गोठवून सुकवायचे यंत्र असेल तर सर्वांत उत्तम.

तपासणी: एक नमुना वजन करून पुन्हा दोन तास ओव्हनमध्ये ठेवा. वजन बदलले नाही तरच सुकले. बोटांत चुरडून पाहणे ही तपासणी नव्हे.

## टप्पा ५: पेशी फोडणे आणि तेल काढणे

तेलबियांसारखे घाण्यातून दाबून तेल निघेल, ही कल्पना सोडून द्या. क्लोरेला आणि नॅनोक्लोरोप्सिसची पेशीभित्ती फार चिवट असते. पूड बारीक वाटा, मग बीड मिल (बारीक मण्यांची चक्की) किंवा अल्ट्रासाउंडने फोडा. अल्ट्रासाउंड देताना भांडे बर्फात ठेवा आणि थांबून थांबून द्या. नमुना सूक्ष्मदर्शकाखाली धरा. बहुतेक पेशी अखंड दिसत असतील तर विद्रावक कितीही ओता, तेल बाहेर येणार नाही.

तेलासाठी हेक्झेन घ्या, १ ग्रॅम पुडीला १० मिली, सॉक्सलेटमध्ये (विद्रावक पुडीतून पुन्हापुन्हा फिरवणाऱ्या उपकरणात) ६ ते ८ तास. क्लोरोफॉर्म-मेथॅनॉलची पद्धत एकूण लिपिड मोजायला चांगली, पण ती फॉस्फोलिपिड आणि हरितद्रव्य सगळेच ओढून आणते. त्या पद्धतीने ३० टक्के आले म्हणजे ३० टक्के बायोडिझेल मिळेल, असे नाही. मोजमापाला एक पद्धत आणि उत्पादनाला दुसरी, हे आधीच ठरवून ठेवा.

हेक्झेन रोटरी इव्हॅपोरेटरवर कमी दाबाखाली, ४० ते ५० अंशांच्या गरम पाण्यात भांडे ठेवून उडवा.

तपासणी: अर्ध्या तासाच्या अंतराने दोनदा वजन घ्या. ते सारखे आले तरच हेक्झेन गेला. राहिलेला हेक्झेन तेलाचे वजन खोटे दाखवतो, पुढचे प्रत्येक प्रमाण चुकवतो आणि टप्पा ६ मध्ये तेल तापवताना पेट घेऊ शकतो.

## टप्पा ६: तेल स्वच्छ करणे

डिगमिंगसाठी, म्हणजे फॉस्फोलिपिडचा गोंद काढण्यासाठी, तेल ६० ते ७० अंशांवर नेऊन त्यात वजनाच्या ०.१ ते ०.३ टक्के फॉस्फोरिक आम्ल घाला, थोडे ढवळा, मग २ ते ३ टक्के गरम पाणी घालून अर्धा तास हळू फिरवा. गोंद फुगून खाली बसतो, तो सेंट्रिफ्यूजने काढा. नंतर तेल पूर्ण कोरडे करून २ ते ५ टक्के ब्लीचिंग माती घाला, ९० ते १०० अंशांवर २० ते ३० मिनिटे ठेवा, शक्य असल्यास निर्वातात, आणि गाळा. हरितद्रव्य बरेचसे मातीत अडकते. तेलही थोडे अडकते, त्याला इलाज नाही.

तेल २०-३० ग्रॅमच असेल तर पाण्याच्या डिगमिंगमध्ये फेसाळ दुधी मिश्रण होऊन निम्मे तेल अडकण्याची भीती जास्त. अशा वेळी मी फक्त मातीची प्रक्रिया करतो.

## टप्पा ७: आम्लता मोजणे

हा टप्पा गाळला जातो किंवा चुकीचा केला जातो. १ ग्रॅम तेल २० ते २५ मिली आयसोप्रोपॅनॉलमध्ये विरघळवा आणि ०.१ नॉर्मल पोटॅशियम हायड्रॉक्साइडने टायट्रेशन करा, म्हणजे आम्ल संपेपर्यंत ते मोजून थेंबाथेंबाने घाला. तेल न घालता एक कोरे टायट्रेशन करून ते वाचन वजा करा. नेहमीच्या कृतीत फिनॉल्फथॅलिन हा दर्शक गुलाबी होण्याची वाट पाहतात. हिरव्या-तपकिरी तेलात तो गुलाबी दिसतच नाही. माणूस थेंबामागे थेंब टाकत राहतो. त्यामुळे पीएच मीटर लावा, प्रत्येक ०.१ मिलीनंतर आकडा लिहा. आकडा जिथे एकदम उडी घेतो तो अंत्यबिंदू.

आम्लांक = मिली × नॉर्मॅलिटी × ५६.१ ÷ तेलाचे वजन ग्रॅममध्ये. समजा २.४ मिली लागले. २.४ × ०.१ × ५६.१ = १३.५. याचा निम्मा म्हणजे मुक्त मेदाम्लांची टक्केवारी, इथे सुमारे ६.७.

आम्लांक २ च्या आत असेल तर थेट टप्पा ९ वर जा. त्याहून जास्त असेल तर टप्पा ८ टाळता येत नाही. जास्त अल्कली घालून भागवू, हा विचार सगळ्यांच्या मनात येतो. त्यातून फक्त साबण वाढतो.

## टप्पा ८: आम्लाची फेरी

मुक्त मेदाम्लांच्या दर ग्रॅममागे २.२५ ग्रॅम मेथॅनॉल आणि ०.०५ ग्रॅम सल्फ्युरिक आम्ल. वरच्या उदाहरणात १०० ग्रॅम तेलाला १५ ग्रॅम मेथॅनॉल आणि ०.३४ ग्रॅम आम्ल. आम्ल मेथॅनॉलमध्ये थेंबाथेंबाने घाला, उलटे कधीच नाही. ६० अंशांवर, वर कंडेन्सर (वाफ थंड करून परत आणणारी नळी) लावून, १ ते २ तास ढवळा. मग स्थिर ठेवा. पाणी, आम्ल आणि मेथॅनॉलचा थर बहुधा वर येतो, तो काढून टाका. हे पाणी आत राहिले तर पुढची अभिक्रिया अडते.

या फेरीत तेल हिरव्याचे तपकिरी होते. आम्लामुळे हरितद्रव्यातले मॅग्नेशियम निघून जाते म्हणून असे घडते, तेल जळालेले नसते.

तपासणी: पुन्हा टायट्रेशन. आम्लांक २ च्या खाली आला नसेल तर फेरी पुन्हा. हे वाचन लिहून ठेवा, राहिलेले सल्फ्युरिक आम्लही त्यात मोजले गेले आहे.

## टप्पा ९: मुख्य अभिक्रिया

तेल ११० अंशांपर्यंत तापवून ओलावा घालवा, मग ५५ अंशांपर्यंत थंड होऊ द्या. १०० ग्रॅम तेलाला २२ ग्रॅम, म्हणजे सुमारे २८ मिली मेथॅनॉल. तेलाच्या दर रेणूमागे मेथॅनॉलचे तीन पुरतात, पण अभिक्रिया दोन्ही दिशांनी चालते, म्हणून सहाच्या प्रमाणात घेतात.

उत्प्रेरक: तेलाच्या १ टक्का शुद्ध पोटॅशियम हायड्रॉक्साइड, अधिक शेवटच्या आम्लांकाइतके मिलिग्रॅम दर ग्रॅम तेलाला. आम्लांक १.२ असेल तर १ + ०.१२ = १.१२ ग्रॅम. बाटलीवर शुद्धता ८५ टक्के लिहिली असेल तर १.१२ ÷ ०.८५ = १.३२ ग्रॅम. सोडियमचे चालते, पण त्याने अभिक्रियेत बायोडिझेलबरोबर सुटणाऱ्या ग्लिसरीनचा थर थिजून घट्ट होतो. पोटॅशियमचा वाहता राहतो आणि वेगळा करणे सोपे जाते.

हायड्रॉक्साइड आधी मेथॅनॉलमध्ये पूर्ण विरघळवा. मिश्रण स्वतःच तापते, झाकण सैल ठेवा. त्यातला ८० टक्के भाग तेलात घाला, ५५ ते ६० अंशांवर तासभर जोरात ढवळा, थांबवा, खाली आलेले ग्लिसरीन काढा. मग उरलेला २० टक्के घालून आणखी अर्धा तास ढवळा. ग्लिसरीन मधेच काढल्याने अभिक्रिया पुढे रेटली जाते. मेथॅनॉल ६४.७ अंशांवर उकळते, तेव्हा ६० च्या वर जाऊ नका.

## टप्पा १०: थर वेगळे करणे

विलगीकरण नरसाळ्यात ८ ते २४ तास. खाली गडद ग्लिसरीन, वर बायोडिझेल. खालचा थर काढून टाकल्याशिवाय जादा मेथॅनॉल तापवून उडवू नका. ग्लिसरीन आणि उत्प्रेरक हजर असताना मेथॅनॉल गेले की अभिक्रिया मागे फिरते आणि तयार बायोडिझेलचे पुन्हा तेल व्हायला लागते.

तपासणी: धुण्याआधी १ मिली नमुना ९ मिली मेथॅनॉलमध्ये घाला, २० अंशांच्या आसपास हलवा, अर्धा तास ठेवा. तळाशी तेलकट थेंब साचले तर रूपांतर अपुरे आहे. थोडे मेथॅनॉल-उत्प्रेरक घालून टप्पा ९ चा उत्तरार्ध पुन्हा करा. शेवाळाच्या तेलातले अभिक्रिया न होणारे घटकही कधी कधी खाली बसतात, तेव्हा शंका असेल तर गॅस क्रोमॅटोग्राफीचाच निकाल धरा.

## टप्पा ११: धुणे आणि कोरडे करणे

पहिले पाणी ५० अंशांचे, आणि नरसाळे फक्त हळूच उलटसुलट करा. पहिल्याच पाण्याला जोरात हलवले की साबणामुळे दुधी घोळ होतो आणि तो दिवसभर फुटत नाही. झालाच तर किंचित मीठ किंवा सौम्य ॲसिटिक आम्ल घालून वाट पाहा. तीन-चार वेळा धुवा, निघालेल्या पाण्याचा पीएच घातलेल्या पाण्याइतका येईपर्यंत. मग १०० ते ११० अंशांवर ढवळत तापवा. थंड झाल्यावर बाटलीमागची छापील अक्षरे स्वच्छ वाचता यायला हवीत; ढगाळपणा म्हणजे पाणी आहे. हिरवट-तपकिरी छटा राहिली तर राहू द्या.

## टप्पा १२: इंधन म्हणण्याआधी

ईएन १४२१४ चे मुख्य आकडे असे: एस्टर किमान ९६.५ टक्के, ४० अंशांवर श्यानता (दाटपणा) सेकंदाला ३.५ ते ५.० चौरस मिलिमीटर, घनता १५ अंशांवर घनमीटरला ८६० ते ९०० किलो, आम्लांक कमाल ०.५०, पाणी किलोला ५०० मिलिग्रॅमपर्यंत, ज्वलनबिंदू किमान १०१ अंश. शेवाळाचे इंधन श्यानतेत सहसा अडकत नाही. अडकते ते ऑक्सिडेशन स्थैर्यात (हवेने खराब न होण्यात), जिथे ११० अंशांवर ८ तास टिकावे लागते, आणि फॉस्फरसमध्ये. फॉस्फरस जास्त आला तर चूक टप्पा ६ मध्ये शोधा. ज्वलनबिंदू कमी आला तर मेथॅनॉल किंवा हेक्झेन राहिले आहे.

काढलेले ग्लिसरीन आणि धुण्याचे पहिले पाणी मोरीत ओतू नका, दोन्हींत मेथॅनॉल आणि अल्कली असते. तयार इंधन गळ्यापर्यंत भरलेल्या गडद बाटलीत, थंड जागी ठेवा. चिठ्ठीवर तारीख आणि आम्लांक लिहा. महिन्याने पुन्हा मोजा; आकडा ०.५० च्या वर गेला असेल तर ते इंजिनात घालू नका.